बेस जरा कमी वाटतोय

नवी गाडी घेताना आपल्याकडे शोरूममध्ये विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. ॲव्हरेज किती, वेटिंग किती, पांढऱ्यात कधी मिळेल आणि मॅटिंग फुकट देताय ना. आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सेल्समन पोरगा आपणहून टचस्क्रीन चालू करून "सर, चार स्पीकर आणि दोन ट्विटर कंपनी फिटेड येतात" असं सांगत असतो, तेव्हा गिऱ्हाईक सीट मागेपुढे करून गुडघे कुठे लागतात ते बघत असतं. गाडी घरी येते. हार होतो, नारळ होतो, पेढे होतात, चाकाखाली लिंबं चिरडून होतात. मग कधीतरी कात्रजच्या बायपासला, मागच्या सीटवरचा एखादा तरुण नातेवाईक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "बेस जरा कमी वाटतोय."

झालं. लिंबं वाया गेली.

तोवर त्याच गाडीत, त्याच स्टीरिओवर सगळ्या घराने खुशाल गाणी ऐकलेली असतात. गाडीला बेस असावा लागतो हे कोणाच्या गावीही नसतं. पण एकदा ते वाक्य पडलं की पुढे गाणं ऐकू येईनासं होतं, नसलेला बेस तेवढा ऐकू येतो.

तक्रार खोटी नसते, हे मात्र कबूल करायला हवं. गाडी बनवणारी कंपनी पैसे वाचवायला जागा शोधत असते आणि दाराच्या पॅडमागचा स्पीकर ही कोणी उघडून न बघण्याची जागा. तिथे साडेसहा इंची, कागदी कोनाचा, जेमतेम मॅग्नेटचा एक गरीब जीव बसवलेला असतो. स्टीरिओकडून त्याला पंधरा-वीस वॅट मिळतात. माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो, बारा व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये वेगळा अँप्लिफायर नसताना, त्याहून फारसं काही निघत नाही. त्यात कंपनीचे इंजिनिअर हुशार. व्हॉल्यूम वाढवल्यावर स्पीकरचा पडदा फाटू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत स्टीरिओ स्वतःच खालचे सूर हळूच छाटत जातो. म्हणजे आपण आवाज तीसवर नेला की गायिका मोठी होते आणि ढोलकी बारीक. वर टायरचा, इंजिनाचा आणि वाऱ्याचा घरघराट असतो तोही नेमका खालच्या पट्टीतला, आणि गाण्यातलं खालचं जे काही उरलंसुरलं असेल ते तो खाऊन टाकतो. पार्किंगमध्ये छान वाजणारं गाणं खंबाटकी घाटात पातळ होतं ते यामुळे.

पूर्वी ही भानगड नव्हती, कारण पूर्वी गाडीबरोबर काही येतच नसे. मारुती ८०० चं साधं मॉडेल घेतलं की डॅशबोर्डात टेपच्या जागी एक रिकामा खाना मिळायचा. त्यात काय घालायचं ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. पुढे त्या खान्याचं माप जगभर एकच झालं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून दुकानदार त्याला 'डिन' म्हणतात. त्या मापाचा टेप, मागच्या काचेखाली पार्सल ट्रेला दोन लंबगोल सहा-बाय-नऊ स्पीकर, की गाडी सजली. टेप चोरीला जाऊ नये म्हणून गाडीतून उतरताना त्याचा फेस काढून बरोबर न्यायचा. लग्नाच्या पंगतीत एखाद्याच्या सफारीच्या खिशातून काळा फेस डोकावत असला की हा स्वतःच्या गाडीने आलाय हे व्याह्यांना न सांगता कळायचं.

आता त्या खान्याच्या जागी पोळपाटाएवढा स्क्रीन असतो. एसी त्यात, रिव्हर्सचा कॅमेरा त्यात, घड्याळ त्यात, दार उघडं असल्याची तक्रारही त्यातूनच. तो काढून दुसरा बसवायचा म्हणजे गाडीचा मेंदू काढण्यासारखं. त्यामुळे नव्या जमान्याची युक्ती अशी की पुढचा स्टीरिओ कंपनीचाच ठेवायचा, आणि त्याला पत्ता न लागू देता मागून अँप आणि वूफर जोडायचा.

आमच्या घरात ते वाक्य माझ्या भाच्याने उच्चारलं, दाजींच्या गाडीत. उपाय करायचा मानही त्यानेच घेतला. "मामा, तू चल. तू असलास की दुकानदार फार फेकणार नाही," असं म्हणून त्याने मला नाना पेठेत नेलं. पुण्यात गाडीला काहीही लागलं, सायलेन्सरपासून सीट कव्हरपर्यंत, की नाना पेठ. त्याचा अंदाज साफ चुकीचा निघाला. मी असल्यामुळे दुकानदाराला फेकायला दोन माणसं मिळाली.

या दुकानांत एक भिंत असते. तिच्यावर वरपासून खालपर्यंत स्पीकर, ट्विटर आणि वूफर ठोकलेले, आणि समोर बटणांची पाटी. दुकानदार गाणं लावतो (बहुतेक 'झिंगाट') आणि एकेक बटण दाबत विचारतो, "आता फरक बघा." फरक असतोच. कारण दोन सारख्या स्पीकरांपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्या कानाला 'क्लिअर' वाटतो. ध्वनिशास्त्रातली ही गोष्ट दुकानदाराने पुस्तकात वाचलेली नसते, पण महागाचं बटण दाबताना त्याचा दुसरा हात व्हॉल्यूमवर असतो. शिवाय ती भिंत प्लायवूडची, दुकान बंदिस्त, रस्त्याचा आवाज काचेबाहेर. तिथे काहीही लावलं तरी छातीत धडधडतं.

मग तो खालच्या आवाजात मंत्र म्हणतो: "कपलर टू कपलर सर. एक वायर कट होणार नाही. वॉरंटीला टच नाही." या व्यवसायाचं बोधवाक्य ठरवायची वेळ आली तर हेच ठरेल. अर्थ असा की कंपनीच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये बाहेरचा सॉकेट बसतो, वायर कापून पट्टी चिकटवावी लागत नाही. चांगली गोष्ट आहे. फक्त ती ज्या आत्मविश्वासाने सांगितली जाते तेवढ्या आत्मविश्वासाने ती नेहमी पाळली जात नाही, एवढंच.

त्यानंतर वॅट. खोक्यावर '१५०० वॅट' असं सोनेरी अक्षरांत, आणि ते वाचून भाच्याचे डोळे चमकले. खोक्याच्या बुडाशी, जिथे आयातदाराचा पत्ता असतो तिथे, बारीक टायपात 'आरएमएस २५०'. वरचा आकडा म्हणजे पोराचं पॅकेज आणि खालचा म्हणजे हातात येणारा पगार. लग्न जमवताना कोणता विचारायचा हे आपल्या आयांना बरोबर कळतं, अँप घेताना आपल्याला कळत नाही. पूर्वीच्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ' नावाचं एक अद्भुत प्रकरण असायचं. सहा सेलांवर चालणारा टेप शेकडो वॅटची बढाई मारायचा. त्याचाच हा पुतण्या.

हिशेब अगदी सोपा आहे आणि त्याला मीटर लागत नाही. अँपच्या कडेला त्याचा स्वतःचा फ्यूज खोचलेला असतो, त्यावर आकडा असतो. दुकानातल्या अँपवर तीस होता. तीस अँपिअर गुणिले गाडी चालू असतानाचे साधारण चौदा व्होल्ट, म्हणजे आत जाणार चारशेवीस वॅट. जुन्या पद्धतीचा अँप असेल तर त्यातले निम्म्याच्या आसपास उष्णता होऊन उडून जातात. नवा 'क्लास डी' असेल तर ऐंशी टक्क्यांपर्यंत कामी येतात. आता यातून १५०० कुठून काढणार? तेवढे खरोखर काढायचे तर बॅटरीकडून शंभराहून जास्त अँपिअर खेचावे लागतील, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर दिवे, एसी, पंखा सांभाळून तेवढे देईल हे विसरा. मी हे दुकानदाराला ऐकवलं. तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "सर, तुम्ही कॉलेजात शिकवता का?"

वॅटची आणखी एक गंमत भाच्याला पटवता पटवता माझा घसा बसला. त्याच्या मित्राकडे सहाशे वॅट होते, म्हणून याला तीनशे कमीपणाचे वाटत होते. पण वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतपत. कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. तीनशेवाला आणि सहाशेवाला यांच्यात फरक असतो तो मुख्यतः बिलात.

आता डिकी. दाजींची एकच अट होती, डिकीतली जागा जाता कामा नये. त्यांचं गाव फलटणकडे, आणि दर सुट्टीला येताना ज्वारी, कांदे आणि बहिणीने दिलेली पपई डिकीतूनच येते. बारा इंची वूफरचा भोकवाला, म्हणजे पोर्टेड, बॉक्स ठेवला तर लहान गाडीच्या डिकीचा पाव हिस्सा तरी जातो. शेवटी दहा इंची, बंद बॉक्सवर तडजोड झाली. बंद बॉक्सचा बेस नेमका आणि आटोपशीर येतो, पोर्टेडचा मोठा आणि पसरट. भाच्याला अर्थातच पसरट हवा होता. बॉक्स स्टेपनीच्या वर बसला. टायर पंक्चर झाला तर आधी कांदे उतरवायचे, मग वूफर, मग मॅट, मग स्टेपनी, हा क्रम तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही.

सीएनजीवाल्यांचे हाल वेगळे. त्यांच्या डिकीत सिलिंडर आडवा झोपलेला असतो, म्हणून त्यांच्यासाठी सीटखाली सरकवायचा चपटा वूफर निघाला आहे, अँप त्याच्या पोटातच. आमच्या सोसायटीत एकाने तो पुढच्या डाव्या सीटखाली बसवला आणि पहिल्यांदा आईला शेजारी बसवून चतुःशृंगीला निघाला. विद्यापीठ चौकात गाण्याने ठेका धरला तशी आई म्हणाली, "अरे, थांब, माझ्या बाजूचं चाक बसलंय." त्याने उतरून चारही चाकांना लाथा मारून दाखवल्या. पुन्हा बसल्यावर त्या माउलीने पर्स मांडीवर घट्ट धरली ती देऊळ येईपर्यंत.

फिटिंगचं काम बघण्यासारखं असतं, आणि गाडीच्या मालकाने ते बघू नये. फिटर हा विशीतला, सडसडीत, दोन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस. त्याने मोबाइल दातांत धरला, टॉर्च चालू केला आणि ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत डोकं घालून उलटा झाला. बाहेर फक्त चपला. आतून प्लास्टिकची ट्रिम निघताना टक्, टक्, टक् असे आवाज येत होते. प्रत्येक टक् म्हणजे एकेक क्लिप. काही क्लिपा निघतात, काही तुटतात, आवाज दोन्हींचा सारखाच. दाजी प्रत्येक टक् ला डोळे मिटत होते. सगळं बसवून झाल्यावर फिटरच्या तळहातावर तीन-चार क्लिपा उरल्या होत्या. त्याने त्या अत्यंत सहजपणे स्वतःच्या खिशात टाकल्या. "या एक्स्ट्रा असतात," तो म्हणाला. त्याचं ते पहिलं वाक्य.

बॅटरीपासून अँपपर्यंत एक जाड वायर गाडीच्या पोटातून जाते. वायरचं गणित उलटं असतं, गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. चार गेज ही आठ गेजपेक्षा दणकट. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याची म्हणून खपते. ब्लेडने खरवडून बघायचं. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, लाल राहिली तर तांबं. आम्ही खरवडली तेव्हा पांढरी निघाली आणि दुकानदार म्हणाला, "ही एक्स्पोर्टची आहे." वायर बदलून मिळाली, पण चहा यायचा बंद झाला.

त्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून ती वायर आत येते, तिथे रबरी बूच नसेल तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी वायर सोलत राहते. ती पत्र्याला टेकली की बॅटरी थेट शॉर्ट, आणि फ्यूज डिकीजवळ लावलेला असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. गाडी पेटायची ही भीती जुनीच आहे, कारण गाडीत गाणं बसवण्याचा उद्योग काही नाना पेठेने शोधलेला नाही. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याला 'मोटोरोला' नाव दिलं. पुढे कंपनीच त्या नावाची झाली. त्यांची एक कथा अजून सांगतात. पॉल गॅल्विनला कर्ज हवं होतं म्हणून त्याने एका बँकवाल्या साहेबाच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात पॅकार्ड पेटली. कर्ज अर्थातच मिळालं नाही. कथेत किती तेल-मीठ आहे देव जाणे, पण फिटरांच्या प्रत्येक दुकानात ती चौकट करून लावावी अशी आहे.

स्टीरिओला वेगळं आउटपुट नव्हतंच, त्यामुळे मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज घेतला आणि एका छोट्या डबीतून उतरवून अँपला दिला. अँपला चालू-बंद सांगणारी आणखी एक बारीक वायर असते, तिला हे लोक रिमोट म्हणतात. ती चावीबरोबर बंद होणाऱ्या जागीच जोडायची. चुकून कायम चालू असणाऱ्या जागी जोडली तर अँप रात्रभर जागा राहतो आणि सकाळी बॅटरी उठत नाही. ही चूक सुदैवाने आमच्या फिटरने केली नाही. त्याने दुसरी केली.

गाडी सुरू केली आणि स्पीकरमधून एक बारीक 'कुंईंई' आली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची, सोडला की खाली. दुसऱ्या गिअरला षड्ज धरला तर चौथ्याला जाईपर्यंत तीनदा सप्तक फिरून यायची. "हे सेट होऊन जाईल," फिटर म्हणाला, आणि दुकानदारानेही तेच सांगितलं, जणू नवी चप्पल आहे. तसं काही होत नसतं. अँपची निगेटिव्ह वायर पत्र्याला जोडतात, तिला बॉडी अर्थ म्हणतात. तिच्याखालचा रंग घासून पत्रा उघडा करायचा, मग स्क्रू आवळायचा. आमच्याकडे रंगावरच आवळला होता. अर्थ कच्चा राहिला की अल्टरनेटरची वीज गाण्याच्या तारेत घुसते आणि इंजिन गायला लागतं.

कुंईंईपेक्षा भयंकर होती ती सेटिंग. अँपवर चार-पाच बारीक फिरक्या असतात: गेन, फिल्टर, बेस बूस्ट वगैरे. फिटरने स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या उजवीकडे टोकाला नेल्या, काच वर केली, गाणं लावलं आणि आमच्याकडे बघितलं. भाचा हर्षभरित. दाजींच्या चष्म्याच्या काचा थरथरत होत्या. फिल्टर इतका वर नेलेला की वूफर बेसच्या पलीकडचंही सगळं बोलायला लागला. नकाशातली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" असं सांगताना एखाद्या सेवानिवृत्त सुभेदाराच्या आवाजात सांगू लागली. घरून ताईचा फोन आला तो ब्लूटूथवर. "कोथिंबीर आणा," हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग गाडीतलं जे जे सैल होतं ते सगळं बोलायला लागलं. नंबरप्लेट वाजू लागली, पार्सल ट्रे वाजू लागला, खान्यातली टोलची चिल्लर वाजू लागली. डॅशबोर्डवरचा गणपती ठेक्यागणिक थोडा थोडा उजवीकडे सरकायचा. सिंहगड रोडला निघताना मध्यभागी असलेला बाप्पा वडगावला पोचेपर्यंत दाराशी जाऊन बसायचा. मागच्या आरशात मागच्या गाडीचे दिवे दुहेरी दिसू लागले. यावर औषध म्हणजे डॅम्पिंग. रबरासारखा चिकट पदार्थ आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेल्या शीट दारांच्या आत, डिकीच्या झाकणाला चिकटवायच्या. दार बंद करताना टिनपाट आवाज येतो तोही जातो, रस्त्याचा घरघराटही कमी होतो. माझं तर मत आहे की निम्म्या लोकांना वूफरची गरजच नसते, दारांना डॅम्पिंग केलं तरी कंपनीचा स्पीकर माणसात येतो. पण डॅम्पिंग दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे घालायला आपल्याकडे कोणी तयार नसतं, म्हणून ते शेवटी होतं, आधी नाही.

काचा खाली करून गाणं लावणारी जी जमात आहे, तिच्याबद्दल मला आता सहानुभूती वाटते. चाळीस हर्ट्‌झचा सूर घेतला तर त्याची लाट साडेआठ मीटर लांब, म्हणजे करसवलतीसाठी चार मीटरच्या आत बसवलेल्या आपल्या गाडीच्या दुपटीहून जास्त. एवढी लाट गाडीत मावत नाही; बंद केबिनमधली सगळी हवाच एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि त्यामुळे खालचे सूर फुकटात वाढून मिळतात. काच उघडली की तो दाब निसटला. म्हणजे जगाला ऐकवायचं म्हणून काच खाली करणाऱ्याचा स्वतःचाच बेस जातो, आणि जगाला गाणं नव्हे, नंबरप्लेट ऐकू येते.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी बोर्डावर नोटीस लावली. ध्वनिप्रदूषण नियम २०००, निवासी भाग, दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. खाली लाल शाईत 'पार्किंगमधील वूफरधारकांनी नोंद घ्यावी'. काका मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेऊन खाली आले. गाडी वाजत असताना आकडा फार हलेना, पण "बघा, बघा" असं काका ओरडले तेव्हा सत्तरीला गेला. त्यात काकांचाही दोष नाही. हे मोजमाप माणसाच्या कानाप्रमाणे करतात आणि त्यात खालच्या सुरांना फारच कमी गुण मिळतात. पन्नास हर्ट्‌झला तब्बल तीस डेसिबल वजा. पण भिंतीला गुणपत्रिका वाचता येत नाही. उंच सूर ती अडवते, बेस सरळ आत सोडते. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या मांडणीतली भांडी वाजतात आणि मीटर म्हणतो, कुठे काय!

शेवटी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतले एक वयस्कर अँप्लिफायर दुरुस्तीवाले मदतीला आले. त्या गल्लीत गाडी जात नाही, म्हणून तेच हातात छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन चालत गाडीपर्यंत आले. त्यांनी आधी अर्थचा स्क्रू काढून पत्रा घासला. कुंईंई गेली. मग बेस बूस्ट शून्यावर. फिल्टर ऐंशी हर्ट्‌झवर. गेन तळाला नेला, स्टीरिओचा आवाज पाऊण केला आणि गेन हळूहळू वर आणत आवाज फाटायच्या अलीकडे थांबले. "गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, लोकांना वाटतं व्हॉल्यूम," एवढं पुटपुटले. मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून पखवाजाच्या साथीचा एक अभंग लावला.

भाच्याचा चेहरा पडला. "मामा, वूफर बंद पडला."

बंद पडला नव्हता. इतक्या खालचा सूर कुठून येतो ते कानाला ओळखता येत नाही. डिकीतून निघालेला बेस, फिल्टर नीट लावला असेल तर, समोर डॅशबोर्डातूनच आल्यासारखा वाटतो. पखवाज समोर होता, डाव्या पुडीवरची थाप पोटात उतरत होती, पण 'वूफर लावलाय' असं कुठेच वाटत नव्हतं. त्या गृहस्थांनी अँपची वायर काढून दाखवली. गाणं क्षणात वाळून गेलं. वायर जोडली, पुन्हा भरलं. दाजी पहिल्यांदाच म्हणाले, "हां, हे बरं आहे."

आणि या साऱ्या उद्योगाची खरी अडचण इथे आहे. वूफर उत्तम बसला की तो असल्याचं कळत नाही. आणि वीस-पंचवीस हजार घालून जे कळत नाही ते घेऊन माणसाने काय करायचं? पाहुणे गाडीत बसतात, उतरतात, गाडीचा रंग छान आहे म्हणतात. भाचा वाट बघतो. शेवटी न राहवून विचारतो, "आवाज कसा वाटला?" पाहुणे म्हणतात, "कंपनीचाच का? छान आहे." यासारखी पावती दुसरी नाही, आणि यासारखा अपमानही नाही. मग दर रविवारी गेन केसभर उजवीकडे जातो. गाणी निवडायची तऱ्हाही बदलते. भावगीतं यादीतून जातात, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांत खालचे सूर मुळातच कमी, तिथे वूफर हाताची घडी घालून बसतो. त्यांच्या जागी ज्या भाषेतलं अवाक्षर कळत नाही अशी गाणी येतात, केवळ ती ठोकतात म्हणून. दिवाळीपर्यंत बाप्पा पुन्हा दाराशी.

तरीही लावायचाच असेल तर लावा, बेस चांगला असतो. आधी दारांना डॅम्पिंग करून घ्या. कदाचित पुढचा खर्च वाचेल. खोक्यावरचे वॅट वाचू नका, अँपवरचा फ्यूज वाचा. वायर ब्लेडने खरवडून बघा, चहा मिळाला नाही तरी चालेल. रात्री दहानंतर सोसायटीत शिरताना बेस शून्यावर आणा, पहिल्या मजल्यावर कोणी ना कोणी झोपलेलं असतं. आणि पैसे देण्याआधी फिटरला बॉनेट उघडायला लावून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसलाय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाकी सगळं नंतर बदलून मिळतं, पेटलेली गाडी मिळत नाही.